पहिल्या जोडीचा मान

धामणखेडच्या वामनरावांनी सरपंचपदाला उभं राहायचं ठरवलं, ते निव्वळ लोकसेवेसाठी. तसं त्यांनी मारुतीच्या पायाला हात लावून चारचौघांत सांगितलं. मारुतीनं हरकत घेतली नाही. ती वामनरावांच्या पत्नी कौशल्याबाईंनी घेतली, पण घरी, भाकर वाढताना.

“सेवा करायची तं घरून सुरुवात करा न. मोरीचं पानी तुंबून राह्यलं कधीचं.”

“मी गावाचा इचार करून राह्यलो.”

“गावाचा नाई, पोळ्याचा करून राह्यले तुमी. मले काय माईत नाई?”

वामनरावांनी भाकरीचा तुकडा ठेच्यात जरा जास्तच बुडवला आणि पाणी मागितलं.

गोष्ट अशी होती. पोळ्याच्या दिवशी मारुतीपुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधत आणि बैल सजवून त्याखाली आणत. सगळ्यात पुढं उभं राहायचा मान पाटलाच्या जोडीचा. पाटलाचं घराणं अमरावतीला फ्लॅटमध्ये राहायला गेलं, तेव्हा गावानं ठरवलं, की मान आता सरपंचाचा. सरपंच होते पुंजाजी. मग दरसाल पुंजाजींची जोडी पुढं आणि वामनरावांची तिच्या मागं. तेही वामनरावांनी सोसलं असतं. पण मागच्या पोळ्याला पुंजाजींच्या बैलानं शेपटी वर केली, आणि वामनरावांचं कोरं धोतर गुडघ्यापासून खाली हिरवं झालं.

पुंजाजींनी मागं वळून पाहिलं. म्हणाले, “बैल हाये बापू. त्याले काय समजते.”

बैलाला सगळं समजलं होतं, याबद्दल वामनरावांच्या मनात शंका नव्हती. घरी येऊन ते पुरणपोळीला शिवले नाहीत. लोकसेवेची ओढ त्यांना लागली ती त्या संध्याकाळी.

मोठा मुलगा कुलदीप मोर्शीला संत्र्याचा व्यापार बघायचा. त्याला हे काही पटेना.

“बाबा, ट्रॅक्टर दारात उभा हाये. बैल कायले पोसून राह्यले? इकून टाका, निवडनूकही नाई लागत मंग.”

“ट्रॅक्टरच्या गळ्यात घुंगरमाळ बांधू काय?” वामनराव म्हणाले, आणि विषय संपला.

प्रचार जोरात झाला. पुंजाजींचा भर अनुभवावर होता, वामनरावांचा विकासावर. पारावरच्या सभेत मनकर्णाबाई पदर खोचून उभी राहिली. या म्हातारीला गावात कोणीच अडवत नसे.

“वामन, नळाले पानी कवा येईन रे?”

“पोळ्याच्या आंदर, काकू.”

“अन् नाली?”

“ते बी पोळ्याच्या आंदर.”

“वावरातला रस्ता?”

“पोळ्याच्या आंदर म्हनतो न.”

पानठेलेवाला देवीदास मागं सुपारी कातरत बसला होता. गावात कोणाची टर उडवायची ती त्यानंच. तो म्हणाला, “भाऊ, पाच वर्साचं काम पोळ्याच्या आंदर करसान, तं पोळ्यानंतर काय करसान?”

वामनरावांचा विचार पोळ्यापलीकडं कधी गेलाच नव्हता. ते “पोळ्यानंतरचं पोळ्यानंतर पाहू,” म्हणाले. लोकांना हे उत्तर प्रामाणिक वाटलं. इतकं प्रामाणिक उत्तर धामणखेडला कुठल्याच उमेदवारानं दिलं नव्हतं. टाळ्या पडल्या.

वामनराव थोडक्यात निवडून आले. कौशल्याबाईंनी मत कोणाला दिलं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वामनरावांनी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं आणि रिवाजाप्रमाणे त्यांना आवतण दिलं. “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” बैल पुढ्यातच होते, पण वामनरावांनी ते अशा आवाजात दिलं की दोन गल्ल्या सोडून पुंजाजींच्या घरीही पोचावं.

दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवलेली, पाठीवर भरजरी झूल, अशी वामनरावांची जोडी तोरणाखाली उभी राहिली. सगळ्यात पुढं. वामनरावांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून मागं पाहिलं. शेपटी वर झालीच, तर काय बोलायचं, ते त्यांनी वर्षभर घोकून ठेवलं होतं.

शेपटी झालीही वर. पण पुंजाजी आपली जोडी घेऊन चांगले चार हात मागं थांबले होते, आणि जुनं धोतर नेसून आले होते. अनुभव.

मग देवीदासानं कानावर हात ठेवून पोळ्याची झडती, म्हणजे तोरणाखाली म्हणायचं टोमण्याचं गाणं, म्हटली:

“नळ पाह्यते वाट, नाली पाह्यते वाट,
सरपंचाच्या बैलायचा पाहा कसा थाट.
हर बोला, हर हर महादेव.”

सगळं गाव हसलं. वामनरावांना त्यातला फक्त थाट ऐकू आला. तोरण तुटलं, त्यांची जोडी पहिली निघाली, आणि ते मान ताठ ठेवून घरापर्यंत आले.

कौशल्याबाईंनी दारात बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. मग विचारलं, “भेटला मान?”

“भेटला. पह्यला.”

“मंग आता मोरी पाहा.”

वामनरावांनी फेटा उतरवून खुंटीला लावला आणि बांबू शोधायला गेले.

त्या पोळ्यात धामणखेडात जोड्या दोनच होत्या. त्याच्या मागच्या वर्षीही दोनच होत्या.