पानबाबांचे बुडबुडे

हॉल खचाखच भरला होता. मंचावरच्या काचेच्या भांड्यातून वाफ निघत होती आणि त्यामागे पानबाबा डोळे मिटून उभे होते. भक्ताने छातीला लावलेलं पान त्यांनी चिमट्याने पाण्यात बुडवलं. पानाखालून बुडबुडे भराभर वर सुटले.

“बघा, रोग पळतोय!” बाबा गरजले. “डॉक्टर महिनोन्‌महिने गोळ्या गिळायला लावतो, आमचं पान दोन मिनिटांत सुटका करतं!”

मागच्या रांगेत ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती रोपवाटिकेत कलमं बांधायची. पानांशी तिची वीस वर्षांची ओळख. शेजारी तिचा धाकटा भाऊ बसला होता, पुस्तकांची बांधणी करणारा. त्याला क्षय होता आणि इथे पहिल्यांदा स्वतःच्या पानाचे बुडबुडे पाहिल्यापासून, म्हणजे तीन आठवडे, त्याने गोळ्या बंद केल्या होत्या. खोकला वाढला, तर म्हणे रोग जाताना पाय आपटतो! ताईला त्याचा राग येई, आणि त्याहून जास्त भीती वाटे.

“ताई, आजही माझ्या पानातून किती निघाले, पाहिलंस ना?”

“पाहिलं. आता हेही बघ.”

दारातल्या, बाबांच्याच कुंडीतली दोन पानं तोडून ती मंचावर चढली.

“महाराज, यांना एकाही रोग्याने हात लावलेला नाही. बुडवू?”

“थांबा बाई, मंत्र—”

तोवर तिने एक पान बुडवलंही. चांगले टपोरे बुडबुडे निघाले.

“हा रोग कुणाचा म्हणायचा? कुंडी तर तुमची.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसरं पान तिने बाबांच्या पिण्याच्या गार पाण्यात बुडवलं. ते गप्प पडून राहिलं. बाबा घाईघाईने भांडं झाकायला धावले.

ताई भावाकडे वळली. “अरे, पानाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात. नको असलेले वायू झाड तिथूनच बाहेर टाकतं, रोज, गाजावाजा न करता. गरम पाण्यात पानातली हवा फुगते आणि त्याच वाटेने निघते. तुझा रोग तुझ्या छातीतच आहे रे!”

भाऊ खाली मान घालून उठला.

“दवाखाना उघडा असेल का गं आता?”

जिन्यात एका आजोबांनी ताईला हळूच विचारलं, “पण पाणी तरी मंतरलेलं असेल ना?”

“घरी चहाचं आधण ठेवता ना आजोबा? त्यात एक पान टाकून बघा. मग सांगा मला, तुमच्या घरात सिद्धपुरुष कोण ते.”

डोळ्यांना दिसलं ते खरंच असतं. ते कशामुळे दिसलं, एवढं विचारायला मात्र विसरू नका. या भावाचे तीन आठवडे त्या विसरण्यातच गेले.