दोन्ही पोर्ट डावीकडे

नव्या लॅपटॉपच्या दोन पोर्टांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत नऊ मिलिमीटर अंतर होतं, आणि माझ्या दादाने पाठवलेला, एका पोर्टाचे चार करणारा हब अठरा मिलिमीटर रुंद होता. मी व्हर्नियरने तीनदा मोजलं. हब एका पोर्टात बसवला की त्याचा खांदा दुसऱ्या पोर्टाचं अर्धं तोंड झाकायचा. म्हणजे हब लावला तर चार्जर नाही, आणि चार्जर लावला तर हब नाही.

"म्हणजे पंगतीला दोन पाट आणि त्यावर एक लठ्ठ पाहुणा," आत्या म्हणाली. "दादाला फोन लाव."

आत्याची पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे. दोन खोल्या. पुढच्या खोलीत नमुन्यांच्या बाटल्या, मागच्या खोलीत उपकरणं आणि आम्ही दोघी. अकरा वर्षांपूर्वी मी "निकाल लागेपर्यंत" म्हणून इथे आले होते. निकाल लागला, पदवी मिळाली, तरी मी मागच्या खोलीतच राहिले. आत्याचं टेबल एका भिंतीला, माझं समोरच्या भिंतीला, त्यामुळे आम्ही पाठीला पाठ लावून बसतो. एकमेकींचं तोंड न बघता दिवसभर बोलता येतं. आमचं जमतं त्याचं निम्मं श्रेय या रचनेला आहे असं मला वाटतं.

लॅपटॉप घेताना हयगय झाली असं कुणी म्हणू शकणार नाही. आत्याने तेवीस मुद्द्यांची यादी केली होती. दुकानात तिने लॅपटॉप दोन तास चालू ठेवायला लावला आणि खालच्या बाजूचं तापमान घेतलं. सोबत नेलेल्या काट्यावर वजनही केलं, ते छापील वजनापेक्षा अकरा ग्रॅम जास्त भरलं, तेव्हा विक्रेत्याने हात जोडले. पोर्ट किती, हा मुद्दा यादीत एकोणिसावा होता. कोणत्या बाजूला, हे आम्हा दोघींच्या मनातही आलं नाही. जुन्याचे सगळे उजवीकडे होते, आणि सत्तावीस वर्षांत या खोलीत कुठलीही गोष्ट बाजू बदललेली नव्हती.

उजवीकडेच आमचा नाजूक तराजू आहे. तो भिंतीत बसवलेल्या दगडी फळीवर असतो. रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्याचा दशांशानंतरचा चौथा आकडाही हलू नये म्हणून. तो सरकवायचा विचारही आत्याच्या प्रयोगशाळेत करायचा नसतो. तराजूपासून लॅपटॉपपर्यंतची केबल आत्याने स्वतः डाग देऊन केलेली आहे, बरोबर साठ सेंटिमीटर. इथल्या सगळ्या केबली मोजून कापलेल्या आहेत आणि टेबलाच्या कडेला चिमट्यांनी बसवल्या आहेत. लोंबणारी वायर दिसली की आत्याला लोंबणारं काम दिसतं.

दादाने दुसरा हब पाठवला. याला शेपटी होती, त्यामुळे दोन्ही पोर्ट मोकळे राहिले. पण शेपटी डावीकडे आणि साठ सेंटिमीटरची केबल उजवीकडे. लॅपटॉपला वळसा घालून यायला एकशे चार सेंटिमीटर हवे होते.

"अगं, मध्ये एक जोड टाक," दादा फोनवर म्हणाला. "बाजारात मिळतो."

"सांधा म्हणजे शंका," आत्या लांबून म्हणाली.

"मग लांब केबल मागव."

"तीन आठवडे लागतील," मी म्हणाले. "त्या गोल पिनेचा नग आता कुणी ठेवत नाही."

"मग आकडे हाताने लिहा ना, बायांनो! पूर्वी लिहायचे नाहीत का लोक?"

आत्याने माझ्या हातातून फोन घेतला. "पूर्वी मी एकदा सातचा एक केला होता. त्या विहिरीचं पाणी पुढे चाळीस माणसं प्यायली. नशिबाने काही झालं नाही. तू फोन ठेव, तुझं ऑफिस असेल."

तीन दिवस एकही अहवाल निघाला नाही. चौथ्या दिवशी सकाळी बिस्किट कारखान्याचे मॅनेजर स्वतः आले. त्यांच्या टाकीच्या पाण्याचा अहवाल मिळाल्याशिवाय त्यांना कणीक भिजवता येत नव्हती. टेबलावर दोन हब, तीन अडॅप्टर आणि कशातच न बसणारी एक चपटी वायर पडली होती.

"एक ना धड भाराभर चिंध्या," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही पाणी तपासताय की टेबल?"

"सध्या टेबल," आत्या म्हणाली.

मला मात्र टेबलाशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्राचं पत्र पाच आठवडे माझ्या फोनमध्ये होतं. दोन वर्षांची नेमणूक, त्यातले सात महिने जहाजावर. मी दोनदा मुदत मागून घेतली होती. तिसरी मुदत आज पाच वाजता संपत होती, आणि 'होय' किंवा 'नाही' यापलीकडे त्यांना काही नको होतं. विषय काढायचा म्हणून मी परवा आत्याला समुद्रातल्या क्षारांबद्दल विचारलं, काल जहाजांबद्दल. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात मी पारंगत झाले होते. आत्याने दोन्ही प्रश्नांची अचूक उत्तरं दिली आणि कामाला लागली.

"लॅपटॉप उलटा ठेवा की," मॅनेजर म्हणाले. "पोर्ट आपोआप उजवीकडे येतील."

"आणि पडदा भिंतीकडे. वाचणार कोण, पाल?" आत्या म्हणाली. मग ती एकदम थांबली. "भिंतीकडे मीच बसले तर?"

तिने कागदावर चौकोन काढला. टेबल भिंतीपासून ओढायचं, खुर्ची टेबल आणि भिंत यांच्यामध्ये टाकायची आणि खोलीकडे तोंड करून बसायचं. तिची डावी बाजू तराजूकडे येईल. केबल साठच्या साठ पुरेल. एक जोड नाही, एक सेंटिमीटर जास्त नाही. या वयात तिच्या चेहऱ्यावर इतका निर्भेळ आनंद मी फक्त प्रमाण द्रावण पहिल्या झटक्यात जमल्यावर पाहिला होता.

मॅनेजरांनी बाह्या सरसावल्या. टेबल ओढलं. मी केबल चिमट्यांत बसवायला खाली शिरले. लॅपटॉपने तराजू ओळखला तेव्हा वर बारीक 'टुंग' झालं आणि मॅनेजरांनी टाळी वाजवली.

"आता हिचं टेबल," वरून आत्याचा आवाज आला.

हिशेब मी खालीच केला होता. खोलीची रुंदी दोनशे चाळीस. आत्याची खुर्ची सत्तर, टेबल पंचाहत्तर, माझं टेबल पंचेचाळीस. उरले पन्नास. पन्नास सेंटिमीटरमध्ये माणूस बसू शकतो, फक्त श्वास घ्यायचा नाही. शिवाय दार आत उघडतं.

"ताईंना पुढच्या खोलीत बसवा," मॅनेजर म्हणाले.

"तिथे बाटल्या आहेत. आणि उकडतं. उन्हाळ्यात तिचं डोकं दुखतं."

"मग टेबलच छोटं घ्या."

"तिला पसारा लागतो. दाखवत नाही, पण लागतो." मला आत्याच्या चपला दिसत होत्या, त्या मधल्या भिंतीकडे वळल्या. बोटाच्या पेराने भिंत ठोकल्याचा आवाज आला. "ही भिंत भार घेणारी नाही. पाडते. सगळी एक खोली होईल, हिला खिडकीजवळची जागा देते. सत्तावीस वर्षं झाली, आता पाडायलाच हवी."

"एका लॅपटॉपपायी भिंत?" मॅनेजर म्हणाले.

"लॅपटॉपपायी नाही हो. पोरगी पुढची वीस वर्षं बसणार इथे, नीट बसायला नको? मिस्त्रीला लावते फोन. आज आला तर आजच माप देते."

नंबर दाबल्याचे आवाज मी मोजले. दहा. मग घंटी वाजू लागली, तीही ऐकू आली. माझ्या हातात शेवटचा चिमटा होता आणि तो बसत नव्हता, कारण मी तो उलटा धरला होता.

"आत्या, भिंत पाडू नकोस."

"का गं? धुळीची काळजी नको, उपकरणं झाकून ठेवू."

मी तिच्या चपलांकडे बघून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने बोल, टेबलाखालचं ऐकू येत नाही. हॅलो, मिस्त्री? एक मिनिट हं, थांबा. काय गं?"

मी बाहेर आले. टेबलाच्या पलीकडे आत्या फोन कानापासून जरा दूर धरून उभी होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आम्ही या खोलीत समोरासमोर होतो. मॅनेजर चष्मा पुसू लागले.

"मी जातेय, आत्या," मी म्हणाले. "समुद्राच्या केंद्रात, दोन वर्षांसाठी. एक तारखेपासून."