सोजरबाईचा शुक्रवार

बहात्तरचा दुष्काळ सरला, तरी ललिताची उपासमार काही सरली नव्हती. पोर आजारी पडलं की आईनं आठवड्यातला एक वार कायमचा उपासाला धरायचा, अशी न्हावरे गावातल्या तिच्या सासरची रीत. तिचे तीन वार त्यातच गेले होते. शुक्रवारी कांदा खुरपताना तिला भोवळ आली, तरी घरी आल्यावर सासू सोजरबाई म्हणाली, "पोराला परत ताप हाय. शुक्रवार बी धर."

ललितानं चुलीपुढं बसून भाकरी मोडली. "अंगावरचं दूध आटलंय, आत्याबाई. आता एकबी वार धरणार न्हाई."

"आई हायेस का कोण? मी पाच वार धरलेत."

"मग तुमची दोन लेकरं का गेली?"

सोजरबाईचे पाचही वार अजून चालूच होते; शुक्रवारही त्यातलाच. मग ती हळूच शेजारी टेकली.

"मलाबी वाढ," म्हणाली.