बयाबाईचा अंगठा

लंकाबाईने सासूचा अंगठा दौतीत बुडवला, झटकला आणि कागदावर दाबून धरला. बाजेवर पडलेल्या बयाबाईच्या कपाळाची पट्टी पुन्हा ओली झाली होती. चिंतामणराव वकील चार हात लांब, लिंबाच्या सावलीत उभे होते. जबानी त्यांनी तिथूनच उभ्या उभ्या लिहून घेतली होती.

"पुन्हा विचारतो, आजी. दगड कुठून आला?"

"वरून. गच्चीवरून." म्हातारीला धाप लागली. "गेणूनं मला धरलं व्हतं, साहेब. त्यो कशाला मारंल मला?"

रामनवमीच्या रथाच्या दिवशी पंचवटीत, आम्हालाही देवळात येऊ द्या म्हणणाऱ्यांवर दगड आले आणि म्हातारीचं डोकं फुटलं. पोलिसांनी धरलं ते तिच्याच मुलाला. गेणूने फेकलेला दगड त्याच्या आईला लागला म्हणे! म्हातारी आजउद्याची सोबती होती. ती गेली की गेणूवर खुनाचा खटला उभा राहणार होता. बायकोच्या शब्दाला कोर्टात कोण विचारतो? गेणूचा जीव वाचवील असा हा एवढाच कागद होता.

लंकाबाईने तो जमिनीवर ठेवला. वकिलांनी वाकून उचलला आणि ते टांग्यात बसले.

नदी ओलांडताना त्यांना फार बरं वाटत होतं. गावातल्या दुसऱ्या एकाही वकिलाने हे काम घेतलं नव्हतं. गेली अकरा वर्षं ते जेफरसनचं चरित्र लिहीत होते. सगळी माणसं समान जन्मतात, हे अमेरिकेच्या जाहीरनाम्यात लिहिणारा तो वकील. ऐन तरुणपणी त्याने एका मिश्र रक्ताच्या वेठबिगाराच्या सुटकेसाठी कोर्टात भांडण मांडलं होतं आणि तो हरला होता. हरला, पण उभा राहिला. ते प्रकरण चिंतामणरावांना तोंडपाठ होतं. त्याच जेफरसनच्या घरी शेकड्यांनी गुलाम राबत. ते प्रकरण मात्र त्यांनी चारदा सुरू करून चारदा फाडलं होतं. लिहायला बसलं की काहीतरी दुसरं काम निघायचं.

दारात त्यांच्या पत्नी अनसूयाबाई तांब्या घेऊन उभ्याच होत्या.

"थांबा तिथेच. कुठून आलात ते कळलंय मला."

चिंतामणरावांनी पाय पुढे केले. पायांवर पाणी पडलं. मग कागद पायरीवर ठेवून त्यांनी तांब्यात बोटं बुडवली आणि चार थेंब शिंपडले. त्या वस्तीतून आलेला प्रत्येक अर्ज गेली वीस वर्षं असाच घरात येत होता. हात आपला आपण चालला. डोक्यात उद्याचं कोर्टातलं भाषण होतं.

उचलायला वाकले तेव्हा त्यांना दिसलं. एक थेंब नेमका अंगठ्यावर पडला होता. रेघा विरघळून रुपयाएवढा निळा डाग झाला होता आणि तो अजून पसरत होता.

"टांगा थांबव!" ते ओरडले.

कोऱ्या कागदावर जबानी त्यांनी हलत्या टांग्यातच उतरवून काढली. वस्तीच्या अलीकडेच रडणं ऐकू आलं.

लंकाबाई बाजेपाशी बसली होती. वकिलांच्या हातातला नवा कागद पाहून ती उठली.

"पहिल्याचं काय झालं?"

"भिजला."

तिने आभाळाकडे पाहिलं. चैत्राचं ऊन रखरखत होतं. मग तिची नजर त्यांच्या पायांवर गेली. ओल्या पावलांवर रस्त्याची धूळ बसून चिखल झाला होता. तिने दौत उघडली आणि म्हातारीचा हात उचलून त्यांच्यापुढे धरला.

"हात अजून ऊन हाय. घ्या लावून. कुनाला कळतंय?"

कुणाला कळलं नसतं. कागद कसा भिजला, हेही कुणी विचारलं नसतं. चिंतामणराव त्या हाताकडे बघत राहिले.

"मेलेल्या माणसाचा अंगठा घेता येत नाही, बाई."

"मंग तुमीच सांगा कोर्टात. तुमच्या म्होरं बोलली ती."

"सांगेन. वकीलपत्र सोडून साक्षीला उभा राहीन."

"कागद कुठंय म्हनून इचारतील."

"विचारतील."

"पान्याचं सांगाल?"

कोर्ट गावाने भरलेलं असणार. देवळाचे पुजारी, चिंतामणरावांचे अशील, सासुरवाडीची माणसं, सगळे.

"सांगेन," ते म्हणाले. "सगळं सांगेन."

लंकाबाईने म्हातारीचा हात लुगड्याच्या पदराने पुसला आणि तिच्या छातीवर ठेवला.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. अनसूयाबाई तांब्या घेऊन दारातच होत्या.

"पुन्हा तिकडेच? आणि म्हातारी गेली म्हणे. थांबा तिथेच."

चिंतामणराव पायरीखाली थांबले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. शेजारच्या ओट्यावर दोघेजण बसून त्यांच्याकडेच बघत होते.

"अहो, हात दुखतोय माझा," अनसूयाबाई म्हणाल्या.

त्यांनी तोंड मिटलं आणि पाय पुढे केले.