वारा खाऊन जाड झालेली बाई

वैशाखातली भर दुपार. चिंचेखाली जमलेली दीडशे माणसं घामानं निथळत होती, आणि मधोमध बाजेवर घोंगडी पांघरून बसलेली राहीबाई कोरडी ठाक होती.

“बघा, कपाळाला एक टिपूस तरी हाय का?” पवनगिरी महाराज गरजला. “सारा मुलूख दुष्काळानं करपला. तुमी रेशनच्या मिलो जवारीची भाकर खाऊन वाळलात. ही माता दिवसाला चतकोर भाकर खाती, अन् देह बघा कसा भरलाय! वारा खाती, वारा! उद्यापासून नऊ दिस बंद खोलीत बसंल, अन्नपान्याबिगर. दहाव्या दिशी तुमाला वायुभक्षणाचा मंत्र दील. मग कशाला रेशन, अन् कशाला खडी फोडायची?”

लोकांनी हात जोडले. महाराजाचं पोट मात्र वाऱ्यावर वाढलेलं नव्हतं. खडीच्या दुष्काळी कामावर पोरांसाठी मिळणारी सुकडी, ते गोड पौष्टिक पीठ, बाया नैवेद्य म्हणून आणत होत्या, आणि देवाच्या वतीनं हा गृहस्थ ती मूठमूठ रिचवत होता.

जामखेडहून आलेल्या एस.टी.तून उतरलेली मुक्ताबाई गर्दीतून वाट काढत पुढं आली. ती राहीबाईची धाकटी बहीण, नगरच्या एका दवाखान्यात नर्स. वर्षापूर्वी राहीच्या गळ्यावर लिंबाएवढं आवाळू आलं, तेव्हा तिनंच पुढं होऊन ऑपरेशन करवलं होतं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी पुरती काढावी लागली. तेव्हापासून त्या ग्रंथीचं काम भागवायला राहीला रोज एक गोळी, जन्मभर. गेले चार महिने मुक्ताला सुट्टी नव्हती, म्हणून ती दर महिन्याला एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर बाटली पाठवत होती.

बहिणीचा चेहरा बघून ती जागीच थबकली. तोंड सुजून गोल झालेलं, डोळ्यांखाली फुगवटे, भुवया विरळ.

“मुक्ते…” राही घोगऱ्या, जड आवाजात बोलली. “देवीचा आवाज!” म्हणून बायांनी जमिनीला डोकं टेकलं. “मुक्ते, लई हिव वाजतंय गं.”

मुक्तानं मनगट धरलं. हात गार, कातडी खरखरीत. घड्याळ लावून नाडी मोजली, सत्तरच्या जागी मिनिटाला अठ्ठेचाळीस. नऊ दिवस त्या खोलीत कोंडली, तर बाहेर प्रेतच निघणार होतं.

ती तडक बहिणीच्या घरी गेली. कोनाड्यात देवापुढं चार बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या, झाकणही न उघडलेल्या, वर हळदकुंकू वाहिलेल्या.

“दाजी, हे काय?”

राहीचा नवरा आसाराम खाली बघत म्हणाला, “म्हाराज म्हन्ले, आठ दिस गोळी बंद करून बघा, काय झालं तर माजी दाढी उपटा. आठ दिस काय बी झालं न्हाई, मुक्ताबाई. पंधरा दिस झालं न्हाई. मग आमाला वाटलं, देवाचीच करनी.”

मुक्तानं कोपऱ्यातल्या रांजणावर हात ठेवला. “रांजण भरलेला हाय. आज पानी आनलं न्हाई, तर सांजच्याला तहानेनं मराल?”

“न्हाई. कालचं असतंय की.”

“मग ते पानी महाराजानं केलं का?”

आसारामानं रांजणाचं झाकण उचलून आत पाहिलं.

“गोळीचं तसंच असतं, दाजी. अंगात साठा असतो, तो काही आठवडे पुरतो. त्या लबाडानं तुमचाच साठा तुमाला चमत्कार म्हणून दाखवला. आता तळ लागलाय. अन् आजाराची जी खरी खूण दिसली, तिला तुमी देवी म्हणून पुजलंत!”

चुलीजवळचं लाटणं उचलून ती परत चिंचेखाली आली आणि राहीच्या गळ्यातली फुलांची माळ बाजूला केली. गळ्यावर आडवा वण होता.

“हा वण कसला, महाराज?”

“देवीचा गोफ!”

“टाके घालताना मी ट्रे धरून उभी होते. देवी काय तिथं दिसली न्हाई.” मग ती पुढंच बसलेल्या शेजारणीकडं वळली. “दगडाबाई, बाजेवर गुडघे टेक. पावलं बाहेर लोंबू देत.”

टाचेच्या वर लाटण्यानं हलकं टोकताच दगडाबाईचं पाऊल झटक्यात हललं आणि तितक्याच झटक्यात जागेवर आलं. आणखी चौघींचं तसंच झालं. मग दोघींनी आधार देऊन राहीलाही तसंच गुडघ्यांवर टेकवलं. तिचंही पाऊल हललं, पण परतताना रेंगाळत, सावकाश जागेवर आलं.

“दिसलं? सारं अंग असंच मंदावलंय. नाडी, भूक, डोकं, सगळं. आतली चूल इझत आलीय म्हणून घाम न्हाई. आवाज देवीचा न्हाई, सुजलेल्या घशाचा हाय. अन् हे भरलेलं अंग म्हणजे निव्वळ सूज. वारा खाऊन कुनी जाड होत न्हाई, बायांनो!”

“लाटण्यानं देव मोजती व्हय?” महाराज ओरडला.

“न्हाई मोजत. तुमीच बसा खोलीत नऊ दिस. सुकडी मी सांभाळते.”

महाराज चाचरला. “आज… अमुश्या जवळ आलीय, आमच्या पंथात…”

“माज्या पोरांची सुकडी खाताना अमुश्या आडवी आली न्हाई व्हय रं?” दगडाबाईनं पदर खोचला. महाराजानं झोळी उचलली आणि ओढ्याच्या दिशेनं अशी धूम ठोकली, की चपलासुद्धा विसरला.

त्याच दुपारी खडीच्या ट्रकमधून राहीला नगरला नेलं. डॉक्टरांनी अगदी थोड्या मात्रेनं औषध सुरू केलं आणि हळूहळू वाढवलं. दोन महिन्यांनी ती चुलीपुढं बसली होती. चेहऱ्याची सूज उतरलेली, कपाळावर घामाचे थेंब. भेटायला आलेल्या दगडाबाईनं सवयीनं हात जोडले.

“मला काय हात जोडती?” राही म्हणाली. “भाकर उलथ, करपती. मला भूक लागलीय.”

राही आता रोज पहाटे रांजण भरायच्या आधी गोळी घेते. गावानं शहाणपण शिकायला एका बाईचा जीव टांगणीला लावला, ही किंमत फार झाली. तुम्ही तेवढी मोजू नका. दुष्काळात न जेवता भरलेलं अंग दिसलं, तर हात जोडू नका, नाडी बघा. आणि कुणी म्हणालाच, ‘आठ दिवस औषध सोडून बघा’, तर त्यालाच आधी आठ दिवस उपाशी बसवा.