फुग्याने शिकवलेली अर्धी दाढी

न्हाव्याची धाकटी लेक दाढी करायला शिकली ती फुग्यांवर. फुगा फुगवायचा, फेस फासायचा आणि वस्तऱ्याने तो अलगद उतरवायचा. सुरुवातीला इतके फुगे फुटले, की आई म्हणाली, "वाढदिवस कुणाचा आहे ते तरी सांगा!" आता फुटत नव्हते. धाकटीला वाटलं, आपण न्हावी झालो.

आजारपणात बापाचा उजवा हात आणि अर्धा चेहरा लुळा पडला, तेव्हापासून दुकानाला कुलूप होतं. ते चालवायला मागण्यासाठी पुतण्या, म्हणजे धाकटीचा चुलत दादा, उद्या येणार होता. बापाने आज लेकीला खुर्चीमागे उभं केलं.

"माझी दाढी कर. रक्त न काढता. जमलं तर किल्ली तुझी, नाहीतर दादाची."

तिने वस्तरा धारेच्या चामडी पट्ट्यावर परतून परतून फिरवला, पातं गालावर जवळजवळ आडवं टेकवलं. धडधाकट गालावरून फेस लोण्यासारखा उतरला.

"कसं वाटतंय, बाबा?"

"अजून अर्धा माणूस बाकी आहे." कौतुकाच्या बाबतीत त्यांचा हात आजाराआधीही आखडताच होता.

लुळ्या गालावर मात्र वस्तरा अडखळला. सैल कातडी पात्यापुढे गोळा झाली. आणखी रेटलं असतं तर रक्तच. तिने हात उचलला.

"बाबा, जरा गाल फुगवा ना."

"फुगवता आला असता तर दुकानाला कुलूप लागलं असतं का?"

"राहू दे गं," आई दारातून म्हणाली, "दादा येतोयच ना उद्या."

"येऊ दे. मी कुठे नको म्हणतेय?" धाकटीने वस्तरा पुसला आणि ती विचार करू लागली. फुगा आपला आपणच ताणलेला असतो. त्याच्यावर उजवा हात तयार झाला, डाव्याने नुसती गाठ धरली. इथे कातडी ताणायचं काम डाव्याचंच होतं. तिने अंगठा लावला. तो फेसावरून घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला.

मग तिने बोटं कोरडी केली आणि तुरटीचा खडा उचलून त्यांवर घासला.

"रक्ताआधीच तुरटी?" बापाने विचारलं.

"बोटं घसरू नयेत म्हणून. आता बोलू नका. गिळूही नका."

बाप चक्क गप्प बसला. "हे मला एवढ्या संसारात जमलं नाही," आई पुटपुटली.

कानाजवळची कातडी तिने वर ओढून धरली. मग वस्तऱ्याचा आखूड हात, टिचभर जागा. पुन्हा पकड, पुन्हा आखूड हात. हनुवटीपाशी पाठ भरून आली, तरी घाई केली नाही. शेवटी ओला टॉवेल फिरवून दाखवला. पांढराशुभ्र.

बापाने डावा हात केसांच्या उलट्या दिशेने फिरवत चूक शोधली. "कानाखाली दोन केस राहिले."

"मुद्दाम ठेवलेत. नावं ठेवायला तुम्हाला काहीतरी हवंच!"

बापाचा अर्धा चेहरा हसला. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"सकाळी लवकर उघड. दादा आला की आधी त्यालाच खुर्चीत बसव. दाढीचे खुंट वाढवून फिरतो लेकाचा."