मुद्देमालातली घागर

वनरक्षकाच्या भरतीत नाव लागलं तेव्हा सरितानं सगळ्या गल्लीत पेढे वाटले, आणि चारित्र्य पडताळणीचा फॉर्म हातात आला तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. फॉर्मात विचारलं होतं, 'आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय?'

झाला होता की! सरिता कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. नरसीच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावात टँकर आला, नंबरावरून बायकांची झोंबाझोंबी झाली आणि सरिताच्या हातातली पितळी घागर शकुबाईच्या कपाळात बसली. रक्ताची धार लागली. शकुबाईच्या घरच्यांनी पोलिसांत तक्रार दिली, घागर मुद्देमाल म्हणून जप्त झाली. पुढे कोर्टात तडजोड झाली, सरिता निर्दोष सुटली आणि पोचा पडलेली घागरही घरी आली. पण तिच्या आईनं, भागूबाईनं, त्या घागरीत पुन्हा पाणी भरलं नाही. गळ्यात कोर्टाची चिठ्ठी बांधलेली ती घागर माळ्यावर पडून राहिली.

"निरंक लिही," चुलतभाऊ प्रज्ञेश म्हणाला. "सुटलीस ना? मंग झालं."

सरकारी कागदावर 'काही नाही' म्हणायला हा मोठा गोड शब्द आहे, आणि सरिताला त्याचा मोह पडला नाही असं नाही. पण हिंगोलीच्या वकिलानं तिला बजावलं होतं. किरकोळ प्रकरण असलं, माणूस सुटलेला असला तर साहेब लोक विचार करतात. लपवलं तर मात्र लपवणंच अंगाशी येतं. तिनं जीव मुठीत धरून सगळं लिहून टाकलं.

गावानं मात्र आपलं डोकं लावलं. पोलीस ठाण्याचे जमादार चौकशीला पारावर येऊन बसले तसे म्हातारे ग्यानोबा पुढे सरसावले. "पोरगं लई गरीब हाय साहेब. केस? छ्या! मुंगी बी मारली न्हाई हिनं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. गावाची माया ही अशी. पोरीचं भलं करायला निघाली आणि तिच्याच पायावर धोंडा टाकून बसली.

जमादारांनी पेन खाली ठेवलं. "पोरीनं सोता केस लिवून दिली, आन तुमी सगळे न्हाई म्हणून राहिले. काहून? कोणाचा दाब हाय का तुमच्यावर?"

सरिता जमादारांच्या कागदाकडे बघत राहिली. आता काय लिहून नेतील हे?

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून शकुबाई पुढे आली. तिनं पदर मागे सारला आणि कपाळावरचा वण दाखवला. "ह्ये बघा साहेब. हिनंच फोडलं."

"अवं शकुबाई!" ग्यानोबा ओरडले.

"तुमी गप बसा. कपाळ माझं हाय का तुमचं?" शकुबाई जमादारांकडे वळली. "लिवा साहेब. पयला धक्का म्याच दिला व्हता. कोर्टात बोलले न्हाई, आज बोलते. आन मोटरसायकलवर धरून मला दवाखान्यात नेलं ते बी हिनंच. टाके पडेस्तोवर हात सोडला न्हाई. असं लेकरू नोकरीला न्हाई घ्यायचं तर कोणाला घ्यायचं?"

जमादार हसले आणि शब्दन् शब्द लिहून घेऊ लागले.

नेमणुकीचा आदेश आला त्या दिवशी सरितानं माळ्यावरून घागर काढली. चिठ्ठी तोडली, चिंच लावून घासली, काठोकाठ भरली आणि कमरेवर घेऊन थेट शकुबाईच्या दारात गेली.

"आता दुसरीकडून फोडती का काय माये?" शकुबाई म्हणाली.

सरिताला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही फुटलं. "मावशी, तुमच्यामुळं नोकरीला लागले मी. तुमचे उपकार मी कुठं ठेवू?"

शकुबाईच्या घरात जातीपायी भागूबाईच्या घरचं पाणी आजवर कुणी घेतलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. शकुबाई आत गेली आणि पेला घेऊन आली.

"वत," ती म्हणाली.

सरितानं घागर कलती केली. शकुबाई उंबऱ्यात बसून घटाघटा प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि पेला पुन्हा पुढे धरला.